पावसाळ्यात भरणारी उन्हाळी शाळा

अमेरिकेतल्या विद्यापीठांची उन्हाळी सुट्टी जून ते ऑगस्ट अशी असते. आपल्याकडे हे दिवस मृगापासून श्रावणापर्यंतचे. त्यामुळे ‘उन्हाळी’ अभ्यासक्रमासाठी पुण्यात मराठी शिकायला येणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याला ऊन फारसे दिसतच नाही. त्याच्या वाट्याला येतो भर पावसाळा: ओले रस्ते, न वाळणारे कपडे, ढगांत बुडालेला सिंहगड. पण पंचांगाच्या या योगायोगाने मराठीच्या अभ्यासाचे फार मोठे भले झाले आहे. ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूहून तुकोबांची आणि अष्टमीला आळंदीहून ज्ञानोबांची पालखी निघते. एका संध्याकाळी दोन्ही पालख्या पुण्यात येतात. सुट्टीत भाषा शिकायला आलेल्या मुलांच्या दारावरूनच लाखो मराठी माणसे चालत जातात. जगातल्या फार थोड्या भाषांच्या विद्यार्थ्यांना अशी सहल मिळते.

परदेशात शिकायला जाणे नवे नाही. तक्षशिला आणि नालंदा आपल्या ओळखीच्या आहेत. सतराव्या-अठराव्या शतकांत इंग्लंडमधल्या श्रीमंत घरांतले तरुण शिक्षण पुरे करण्यासाठी फ्रान्स-इटलीची लांबलचक यात्रा करत. कॉलेजने स्वतःहून मुलांना परदेशी पाठवायचे आणि तिथल्या अभ्यासाचे गुण इथे धरायचे, ही आजची पद्धत मात्र जेमतेम १०० वर्षांची आहे. १९२३ साली अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठाने ८ विद्यार्थी जहाजाने फ्रान्सला धाडले, तिथून या प्रथेची सुरुवात मानतात. त्यानंतर कित्येक वर्षे अशा मुलांचा ओघ पॅरिस, माद्रिद, म्युनिक यांच्याकडेच होता. मराठी शिकायला कोणी येईल, असे तेव्हा कुणाच्या मनातही आले नसते.

पुण्याचा नंबर लागला तो निराळ्याच घडामोडींमुळे. १९५७ साली रशियाने स्पुटनिक आकाशात सोडला आणि अमेरिका हादरली. दुसऱ्याच वर्षी तिथे शिक्षणाचा एक मोठा कायदा झाला. त्याने गणित-विज्ञानाबरोबर परदेशी भाषांच्या शिक्षणालाही सरकारी पैसा दिला. पेनसिल्व्हेनिया आणि शिकागो या विद्यापीठांत मराठीचे वर्ग उभे राहिले, त्यामागे हे वातावरण होते. १९६१ मध्ये संस्कृतचे अभ्यासक डब्ल्यू. नॉर्मन ब्राउन यांच्या पुढाकाराने ‘अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज’ ही संस्था स्थापन झाली. भारतातले तिचे पहिले ठाणे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात होते.

या संस्थेला सुरुवातीच्या काळात मिळालेल्या पैशाची गोष्ट प्रत्येक मराठी माणसाने ऐकावी अशी आहे. १९५४च्या ‘पब्लिक लॉ ४८०’ या अमेरिकी कायद्याखाली भारताला धान्य मिळे आणि त्याची किंमत भारत रुपयांत चुकवी. आपल्या आजी-आजोबांना ‘पीएल ४८०’चा लाल गहू आठवतो तो हाच. ते रुपये डॉलरमध्ये बदलून नेता येत नव्हते, म्हणून त्यांतला काही भाग भारतातच अभ्यासकांच्या शिष्यवृत्त्यांवर आणि पुस्तकांच्या खरेदीवर खर्च झाला. १९६२ पासून या योजनेत भारतीय भाषांतली पुस्तके अमेरिकेतल्या ग्रंथालयांकडे जाऊ लागली आणि त्यांत मराठीही होती. रेशनच्या दुकानात आलेल्या गव्हाच्या पैशातून मराठी कथा-कादंबऱ्या शिकागोच्या कपाटांत पोचल्या, आणि ती पुस्तके वाचून तयार झालेली मुले पुण्यात उतरली.

‘अमेरिकन इन्स्टिट्यूट’चे मराठीचे वर्ग पुण्यात आजही चालतात. वर्षभराचा अभ्यासक्रम असतो आणि उन्हाळ्यातला सुमारे ८ आठवड्यांचाही असतो. १९६९च्या सुमारास पुण्यात आणखी एक कार्यक्रम सुरू झाला. अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातल्या छोट्या कॉलेजांच्या संघाने तो चालवला आणि पुढे कित्येक दशके तो चालू राहिला. या कॉलेजांतली मुले निघण्यापूर्वी मराठीचे धडे गिरवत, जुलैच्या आसपास पुण्यात येत आणि मराठी कुटुंबांत राहत. घरातल्या आजींकडून चातुर्मास, माजघरातून फोडणीचा वास आणि रस्त्यावरून गणपतीचा ढोल, असा तो अभ्यासक्रम होता.

या मुलांना मराठी शिकवणाऱ्यांत मॅक्सीन बर्नसन होत्या. मिशिगनमध्ये १९३५ साली जन्मलेल्या मॅक्सीनबाई १९६१ मध्ये भारतात आल्या आणि हैदराबादेत इंग्रजी शिकवू लागल्या. १९६६ पासून त्यांनी फलटणला घर केले. त्यांच्या पीएच.डी.चा विषय होता फलटणची बोली. एकाच गावातली निरनिराळ्या जातींची आणि थरांची माणसे मराठी कशी निरनिराळी बोलतात, याचा तो शोध होता. ‘शुद्ध’ मराठीची चौकट बाजूला ठेवून एका परदेशी बाईने गावातली खरीखुरी मराठी कानाने टिपली, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. जाई निंबकर यांच्यासोबत त्यांनी परदेशी विद्यार्थ्यांसाठी मराठीचे व्याकरण, वाचनमाला आणि शब्दकोश तयार केले. १९७८ मध्ये त्या भारताच्या नागरिक झाल्या. पुढे त्यांनी फलटणला प्रगत शिक्षण संस्था काढली, आणि १९८६ मध्ये सुरू झालेले कमला निंबकर बालभवन महाराष्ट्रातल्या शिक्षकांना चांगले ठाऊक आहे. ज्ञानोबांच्या पालखीचा एक मुक्काम फलटणला असतो. भाषा शिकवणारी बाई आणि वारीची वाट एकाच गावात असावी, हा योग विद्यार्थ्यांच्या पथ्यावर पडला.

आता ती वारी नीट पाहू, कारण सहल म्हणून तिची तोड दुसऱ्या कशाला नाही.

ज्ञानोबांच्या पालखीचा आळंदी ते पंढरपूर हा प्रवास सुमारे अडीचशे किलोमीटरचा. पुण्यात दोन रात्री मुक्काम असतो. माउलींची पालखी भवानी पेठेत पालखी विठोबाच्या देवळात असते, तर तुकोबांची नाना पेठेत निवडुंग्या विठोबापाशी. तिसऱ्या दिवशी पहाटे दोन्ही पालख्या निघतात आणि हडपसरच्या पुढे वाटा वेगळ्या होतात. तुकोबा लोणी काळभोर, यवत, बारामतीकडे जातात. माउली दिवे घाट चढून सासवडला जातात. पुणे-सासवड ही सगळ्यात लांब मजल, ३० किलोमीटरच्या आसपासची. घाटात रथाला बैलांच्या जादा जोड्या लावाव्या लागतात. पुण्यातल्या विद्यार्थ्याला दिवसभरात पायी करता येते ती हीच मजल, आणि बहुतेकांची वारीशी पहिली ओळख याच घाटात होते.

परक्याला वरवर पाहता तो गर्दीचा लोंढा वाटतो. पण त्या गर्दीत जगातल्या कुठल्याही मोठ्या व्यवस्थेने हेवा करावा अशी शिस्त आहे. रथापुढे २७ दिंड्या, रथामागे त्याहून कितीतरी जास्त, आणि प्रत्येकीचा क्रमांक पिढ्यान्‌पिढ्या ठरलेला. प्रत्येक दिंडीत पुढे पताका, मग टाळकरी, मध्ये पखवाज आणि वीणेकरी, मागे डोक्यावर तुळस घेतलेल्या बायका. वीणा जमिनीवर ठेवायची नसते. एकाचा खांदा दुखला की दुसरा गळ्यात घेतो. जेवणासाठी वारकरी आपापल्या दिंडीत भिशी भरतो. भाजी-भाकरीचे सामान घेऊन ट्रक पुढे गेलेला असतो. संध्याकाळी मुक्कामाच्या तळावर समाजआरती होते. चोपदार हातातला चांदीचा चोप उंच धरतो आणि हजारो टाळ एका क्षणात थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवतच राहते. चोपदार तिथे जातो, तक्रार ऐकतो, आणि समाधान झाले की तो टाळही थांबतो. अर्ज नाही, खिडकी नाही, रांग नाही. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याने एवढे एक दृश्य समजून घेतले तरी त्याचा अमेरिकेहून इथवरचा विमानखर्च वसूल झाला असे मी मानतो.

ही घडी बसवली हैबतबाबा आरफळकरांनी, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात. हैबतबाबा मूळचे सातारा भागातले, पण नोकरीला होते ग्वाल्हेरच्या शिंद्यांकडे. सगळे सोडून ते आळंदीला आले आणि स्वतंत्र पालखी सोहळा सुरू केला. पालखीपुढे धावणारे माउलींचे घोडे आजही अंकलीच्या शितोळे सरकारांकडून येतात आणि अंकली आज कर्नाटकात आहे. म्हणजे ज्या सोहळ्यात आपण मराठीपणाचा गाभा पाहतो, त्याचा व्यवस्थापक ग्वाल्हेरहून आला आणि घोडे कृष्णाकाठच्या सीमाभागातून येतात. मराठीचा नकाशा राज्याच्या नकाशापेक्षा मोठा आहे. लेखाच्या शेवटाकडे मध्य प्रदेशातल्या तिगाव या गावी जायचे आहे, त्यासाठी ही गोष्ट लक्षात ठेवायची आहे.

वारीबद्दल जगाला नीट सांगणाऱ्यांत मराठी माणसे पुढे होती. इरावती कर्वे स्वतः १९२८ मध्ये शिकायला बर्लिनला गेल्या होत्या आणि १९३० मध्ये डॉक्टरेट घेऊन परतल्या. तिथे त्यांनी माणसाच्या कवट्यांची मोजमापे घेतली. मार्गदर्शकाला युरोपीय वंश श्रेष्ठ दाखवायचा होता. इरावतीबाईंच्या आकड्यांनी त्याला पाठिंबा दिला नाही, आणि त्यांनी तसे स्पष्ट लिहिले. परदेशी विद्यार्थ्याने यजमानांसमोर आपले निरीक्षण प्रामाणिकपणे मांडण्याचा हा मोठा नमुना आहे. पुण्यात डेक्कन कॉलेजात शिकवताना त्या वारीला पायी गेल्या. ‘परिपूर्ती’ या पुस्तकात त्यांनी त्या चालण्यावर लिहिले आणि १९६२ साली त्याचा इंग्रजी अवतार एका अमेरिकी संशोधनपत्रिकेत छापून आला. पंढरीला जाणाऱ्या लोकांवरूनच महाराष्ट्राची ओळख पटते, असा त्यांचा विचार होता. पण भक्तीच्या भरात त्यांनी डोळे मिटले नाहीत. एकाच वाटेने चालणाऱ्या दिंड्या जातीप्रमाणे वेगळ्या जेवतात, हे त्यांना खुपले आणि त्यांनी ते नोंदवले. दि. बा. मोकाशींचे ‘पालखी’ १९६४ साली आले. फिलिप एंगब्लोम यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद १९८७ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. तेव्हापासून परदेशातल्या वर्गांत विद्यार्थी आधी मोकाशी वाचतात, मग चालायला येतात.

पुण्यात भाषा शिकून बाहेर पडलेल्यांनी पुढे काय केले, याचा हिशेब थक्क करणारा आहे. एलिनॉर झेलियट (१९२६–२०१६) यांनी डॉ. आंबेडकर आणि महार चळवळ यांवर १९६९ मध्ये पीएच.डी. मिळवली. मिनेसोटातल्या कार्लटन कॉलेजात त्यांनी शिकवले आणि मुलांच्या तुकड्या पुण्याला पाठवणाऱ्या कार्यक्रमात त्यांचा मोठा वाटा होता. चोखोबांच्या अभंगांकडे त्यांनी इंग्रजी वाचकांचे लक्ष वेधले. ज्या चोखोबांना देवळात पाऊल टाकता आले नाही, त्यांची समाधी पंढरपूरला महाद्वारापाशी आहे. झेलियटबाईंचे लिखाण वाचून आलेला विद्यार्थी नामदेव पायरीपाशी उभा राहतो तेव्हा त्याला देऊळ दिसते आणि देवळाबाहेर ठेवलेला माणूसही दिसतो. झेलियट आणि बर्नसन यांनी मिळून महाराष्ट्रातल्या धर्मजीवनावर १९८८ मध्ये जे इंग्रजी पुस्तक संपादित केले, त्यात इरावतीबाईंचा वारीवरचा लेखही आहे.

जर्मनीच्या हायडेलबर्ग विद्यापीठातले गुंथर सोन्थायमर (१९३४–१९९२) कायद्याचे अभ्यासक. धनगरांच्या मागे ते माळरानावर गेले आणि बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबा यांच्यावर १९७६ मध्ये जर्मन भाषेत मोठा ग्रंथ लिहिला. धनगरी ओव्या त्यांनी वाड्यांवर बसून ध्वनिमुद्रित केल्या. वारीवर त्यांनी हेनिंग श्टेगम्युलर यांच्यासोबत चित्रपटही काढला. जेजुरी पुण्याहून दिवसाची सहल. पण भंडारा उधळून परत येणे आणि खंडोबाच्या बाणाईचे धनगरांशी नाते काय हे वाघ्या-मुरळीला मराठीत विचारणे, या दोहोंत जमीन-अस्मानाचा फरक आहे. सोन्थायमर यांनी दुसरी वाट धरली.

असे काम एका दिवसाच्या सहलीतून उभे राहत नाही, हे खरेच. पण सहल कशी आखली, यावर बरेच अवलंबून असते. भाषेच्या चांगल्या वर्गात सहलीचा अभ्यास आधी आठवडाभर सुरू होतो. सासवडची मजल करायची असेल तर दिंडी, विसावा, मुक्काम, भिशी, चोपदार हे शब्द आधी पाठ हवेत. कुणाला काय म्हणायचे तेही माहीत हवे. वारीत ओळख-पाळख न विचारता प्रत्येक जण दुसऱ्याला ‘माउली’ म्हणतो. वाट मागायची तरी ‘माउली’, पाणी द्यायचे तरी ‘माउली’. जो विद्यार्थी पुस्तकातून ‘आपण’, ‘तुम्ही’, ‘तू’ यांची उतरंड शिकून आलेला असतो, त्याला ही उतरंड गळून पडलेली पाहून नवल वाटते. वाटेत त्याने एका वारकऱ्याशी तरी अर्धा तास बोलावे: गाव कोणते, शेत किती, पेरणी करून आलात की मागे ठेवून, पहिली वारी कोणाबरोबर केली. परतल्यावर दोन पाने मराठीत लिहावीत आणि वर्गात वाचून दाखवावीत. फोटो जितके कमी, तितके बोलणे जास्त होते. पायांचीही काळजी हवी. नवे बूट घालून घाट चढणाऱ्याला सासवडच्या आधीच फोड येतात. साध्या वहाणा, प्लास्टिकचा कागद आणि बरोबर चालणारी एक जाणती मराठी बाई किंवा गृहस्थ, एवढ्यावर काम भागते.

पुण्याच्या आसपासच्या इतर सहली थोडक्यात सांगतो. कार्ल्याच्या लेण्यात दानाचे ब्राह्मी लेख आहेत आणि त्यांत धेनुकाकट या गावच्या यवनांची नावे येतात. दोन हजार वर्षांपूर्वी सह्याद्रीतल्या चैत्याला खांब अर्पण करणाऱ्या या परक्या माणसांची नावे परदेशी विद्यार्थ्याला विशेष जवळची वाटतात. दिनकर केळकरांनी मुलाच्या स्मरणार्थ उभारलेल्या संग्रहालयात अडकित्ते, दिवे, ओतीव भांडी पाहताना घरगुती मराठीचा शब्दसंग्रह एका दुपारीत दुप्पट होतो. गंज पेठेतला महात्मा फुल्यांचा वाडा आणि तिथली विहीर चुकवू नये. शनिवारवाड्यावर मी फार वेळ घालवणार नाही. आगीनंतर उरलेल्या जोत्यांपेक्षा बालगंधर्व रंगमंदिरातला एक प्रयोग भाषेच्या विद्यार्थ्याला जास्त देतो. विनोद कळून सगळ्या प्रेक्षकांबरोबर त्याच क्षणी हसता आले, की भाषा अंगात उतरली असे समजावे.

मात्र पुण्याच्या या वर्तुळात एक उणीव राहते. ८ आठवड्यांत विद्यार्थी पुणे, सातारा, सोलापूर या पट्ट्यातली मराठी ऐकतो आणि तीच सगळी मराठी असे समजून परत जातो. या वर्तुळाच्या बाहेर पडण्याची वाट अ‍ॅन फेल्डहाउस यांनी दाखवून ठेवली आहे. अमेरिकेतल्या या विदुषींनी महानुभावांच्या सूत्रपाठावर १९७६ मध्ये पीएच.डी. केली आणि पुढे अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठात शिकवले. शं. गो. तुळपुळे यांच्याबरोबर त्यांनी जुन्या मराठीचा कोश केला. महाराष्ट्रातल्या नद्या आणि यात्रा यांवर ग्रंथ लिहिले. रा. चिं. ढेरे यांच्या ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’चा इंग्रजी अनुवाद केला. पण आपल्या विषयाला सगळ्यात जवळचे आहे ते १९८४चे पुस्तक, गोविंदप्रभूंच्या चरित्राचा अनुवाद. हे गोविंदप्रभू राहत होते रिद्धपूरला, अमरावती जिल्ह्यातल्या मोर्शी तालुक्यात. तेराव्या शतकात मराठी गद्य ज्या गावात घडले, ज्या गावात म्हाइंभटांनी चक्रधरांच्या लीळा जुळवल्या, ते हे गाव. आता महाराष्ट्र शासनाने मराठी भाषा विद्यापीठही तिथेच काढले आहे.

रिद्धपूरहून मोर्शी, वरूड करत संत्र्याच्या बागांमधून उत्तरेला गेले की राज्याची हद्द कधी ओलांडली ते कळतही नाही. पाट्या मराठीऐवजी हिंदीत दिसू लागतात, पण चहाच्या टपरीवरचे बोलणे तेच राहते. हे पांढुर्णा. त्याच्याच पुढे, रेल्वेने इटारसीकडे जाताना, तिगाव. इथून सातपुड्याचा चढ सुरू होतो. तिगाव-चिचोंडा हा नागपूर-इटारसी मार्गावरचा घाट आहे, आणि तो चढून गेले की मुलताईला तापीचा उगम.

इथली मराठी इथे कशी राहिली, हे समजायला थोडा इतिहास लागतो. देवगडच्या गोंड राजांनंतर हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे आला. १८५३-५४ मध्ये इंग्रजांनी नागपूरचे राज्य खालसा केले आणि पुढे हा भाग मध्य प्रांतात गेला. स्वातंत्र्यानंतर जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूरच होती. १९५६ मध्ये राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा विदर्भाचे ८ जिल्हे मुंबई राज्याला जोडले गेले. सौंसर-पांढुर्ण्याचा हा तुकडा मात्र छिंदवाडा जिल्ह्याबरोबर मध्य प्रदेशात राहिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौंसर मिळून स्वतंत्र पांढुर्णा जिल्हा झाला. शाळा हिंदी, कचेरी हिंदी, घर मराठी. तेही पुस्तकी मराठी नव्हे, वऱ्हाडी-नागपुरी वळणाची. ‘काहून’, ‘पोट्टे’, ‘करून राहिला’ असे बोलणे पुण्याच्या वर्गातून आलेल्या मुलीच्या कानावर पडले, तर पहिले दोन तास तिला आपण वेगळीच भाषा ऐकतो आहोत असे वाटेल. मॅक्सीनबाईंनी फलटणला जे ऐकले तेच तिला इथे ऐकायला मिळेल, आणि त्यात दोन राज्यांच्या सीमेची भर असेल. भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याला याहून चांगली प्रयोगशाळा कुठे मिळणार?

या भागात विद्यार्थी आणायचे तर पोळ्याला आणावेत. अडचण एवढीच की ८ आठवड्यांचा उन्हाळी वर्ग बहुधा पोळ्याच्या आधीच संपतो. २०२५ मध्ये आषाढी ६ जुलैला होती आणि पोळा ऑगस्टच्या चौथ्या आठवड्याच्या तोंडावर आला. २०२३ मध्ये तो सप्टेंबरच्या मध्यात गेला होता. वर्षभराच्या अभ्यासक्रमाच्या मुलांना मात्र तो सहज साधतो. आदल्या संध्याकाळी बैलांच्या खांद्यांना तूप-हळद चोळतात आणि उद्याच्या जेवणाचे आवतण देतात. पोळ्याच्या दिवशी अंगावर झुली, शिंगांना बेगड, गळ्यात घुंगरांच्या माळा. गावाच्या तोरणाखाली जोड्या ओळीने उभ्या राहतात. मग झडत्या सुरू होतात. या झडत्यांत शेतकरी देवाला हाक मारतो, सावकाराला टोमणा मारतो, सरकारला जाब विचारतो, शेजाऱ्याची चेष्टा करतो. लोकवाङ्मयाचा हा प्रकार ग्रंथालयात बसून समजत नाही, तोरणाखाली उभे राहून ऐकावा लागतो. तोरण तुटले की बैल घरोघर जातात, त्यांना पुरणपोळी मिळते आणि बैल आणणाऱ्या गड्याच्या हातावर बोजारा ठेवतात. दुसऱ्या दिवशी लहान मुलांचा तान्हा पोळा, लाकडी नंदीबैल ओढत. नागपुरात त्याच दिवशी मारबती निघतात. ही मिरवणूक १८८०च्या दशकापासून चालू आहे.

त्याच दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याला गोटमार होते. जाम नदीच्या एका काठाला पांढुर्णा, दुसऱ्या काठाला सावरगाव. नदीत पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा लावतात आणि तो काढून आणण्यासाठी दोन्ही काठांवरून दगडांचा वर्षाव होतो. सावरगावची मुलगी आणि पांढुर्ण्याचा मुलगा यांच्या प्रेमाची कथा या प्रथेमागे सांगतात. शेवटी झेंडा चंडीमातेच्या देवळात अर्पण होतो. दरवर्षी शेकडो माणसे जखमी होतात आणि आजवर अनेकांचे जीव गेले आहेत. प्रशासनाने जमावबंदी लावून पाहिली, दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले, पण प्रथा थांबलेली नाही. परदेशी वाहिन्यांना ही चित्रे आवडतात. माझे मत स्पष्ट आहे: विद्यार्थ्यांना गोटमार दाखवायला आणू नये. फुटलेल्या डोक्यांचे प्रेक्षक होणे हा अभ्यास नव्हे. प्रथेचा अभ्यास करायचा असेल तर आठवडाभराने यावे, दोन्ही काठांवरच्या म्हाताऱ्यांशी बोलावे आणि ज्या घरातला मुलगा गेला त्या घरातल्या बाईचे म्हणणेही ऐकावे.

आणि उन्हाळी वर्गाच्याच मुलांना आणायचे असेल तर जुलैही वाईट नाही. मृग बहार धरलेल्या संत्र्याच्या बागांना याच सुमारास फुले येतात आणि त्या फुलांच्या वासाने वारा जड होतो. आंबिया बहार आणि मृग बहार यांतला फरक, बागेला पाण्याचा ताण द्यायचा म्हणजे काय, गळ कशामुळे होते, हे बागवानाकडून मराठीत समजून घेणे ही एक पुरी दुपार आहे. सौंसरजवळ जामसावळीला पिंपळाखाली आडवा झोपलेला मारुती आहे. तिथे दर्शनाला येणाऱ्यांत मराठी आणि हिंदी बोलणारे सारखेच मिसळलेले असतात, आणि कोण कोणाशी कोणत्या भाषेत बोलतो हे टिपायला तिथला एक मंगळवार किंवा शनिवार पुरे. छिंदवाड्याच्या आदिवासी संग्रहालयात गोंड आणि भारिया यांची ओळख होते, म्हणजे मराठीच्या आधी या मुलखात कोण होते तेही कळते. वाटेत नागपुरात दीक्षाभूमीला थांबावे. १४ ऑक्टोबर १९५६ला तिथे काय घडले, हे झेलियटबाईंच्या वाचकाला वेगळे सांगावे लागत नाही.

हे सगळे जुळवायला फार पैसा लागत नाही. पुण्याहून नागपूरची रात्रीची गाडी, तिथून शंभरेक किलोमीटरवर पांढुर्णा, आणि गावात चार-पाच घरांनी दोन रात्री जेवू-खाऊ घालायची तयारी. पुण्यातल्या मराठी वर्गांच्या संयोजकांनी आणि रिद्धपूरच्या नव्या विद्यापीठाने मिळून ही सहल आखावी, अशी माझी मनापासून विनंती आहे. रिद्धपूरला एक दिवस आणि तिगाव-पांढुर्ण्याला दोन, एवढे केले तरी मुलांच्या मनातला मराठीचा नकाशा दुरुस्त होईल.

वाचकांनाही एक सांगणे आहे. पुण्यात परदेशी चेहरा दिसला की आपण चटकन इंग्रजीत शिरतो. पांढुर्णा-तिगावकडे पाहुणा दिसला की हिंदीत शिरतात. दोन्हीकडे हेतू चांगला असतो, पण हजारो मैलांवरून मराठी बोलायला आलेल्या मुलाच्या तोंडचा घास त्यामुळे जातो. तो अडखळेल, लिंग चुकवेल, ‘ळ’वर थांबेल. थोडा धीर धरा. तुमच्या घरी जी मराठी बोलता, त्याच मराठीत त्याच्याशी बोला आणि त्याचे वाक्य त्यालाच पुरे करू द्या.